शिंपल्यातले विष आणि हरवलेल्या आठवणी

उकडल्यावर जिचे तोंड उघडत नाही ती तिसरी बाजूला काढून टाकायची, हा कोकणातल्या स्वयंपाकघरातला जुना पाठ. मेलेला शिंपला पोटात जाऊ नये, म्हणून घेतलेली ही काळजी. पण एक विष असे आहे की, ते अंगात बाळगणारा शिंपला जिवंत, ताजा आणि चवीलाही उत्तम असतो. उकडला की बिनतक्रार तोंडही उघडतो!

१९८७ च्या नोव्हेंबरात कॅनडात नेमके हेच घडले. पूर्व किनाऱ्यावरील प्रिन्स एडवर्ड बेटाजवळच्या खाडीत दोरांवर वाढवलेले शिंपले लोकांनी आवडीने खाल्ले. चोवीस तासांत उलट्या, पोटात कळा. इथवर नेहमीचेच. पण पुढे काहीजण गोंधळल्यासारखे बोलू लागले. जुने सारे आठवे, मात्र नवे काही मनात टिकेना. शंभराहून अधिक लोक आजारी पडले, तिघे दगावले. वृद्धांना आणि मूत्रपिंडे कमजोर असलेल्यांना झळ अधिक लागली.

शिंपल्यांची तपासणी तेव्हा होत नव्हती असे नाही. शिंपल्याचा अर्क उंदराला टोचायचा आणि काय होते ते पाहायचे, ही पद्धत होती. लकवा आणणाऱ्या एका जुन्या विषासाठी ती वापरात होती. त्या विषाने उंदीर धापा टाकत मरतो. या वेळी उंदीर मेले खरे, पण आधी मागच्या पायाने खांदा खाजवत राहिले. हे लक्षण कोणत्याच ओळखीच्या विषाचे नव्हते. बिचाऱ्या उंदराने एवढेच सांगितले, की आत काहीतरी आहे. त्याचे नाव सांगणे त्याच्या हाती नव्हते.

नाव शोधले हॅलिफॅक्स येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेने. तिथल्या मंडळींनी युक्ती साधीच केली. विषारी आणि निर्धोक अशा दोन्ही शिंपल्यांचे अर्क काढले, त्यांतले घटक वेगवेगळे केले आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिले. प्रत्येक टप्प्यावर विष कोणत्या भागात गेले, हे पुन्हा उंदरालाच विचारायचे. अखेर एका बाजूला आढळणारा आणि दुसऱ्या बाजूला नसलेला एक पदार्थ हाती लागला: डोमोइक आम्ल. रात्रंदिवस खपून चार-पाच दिवसांत हे काम झाले.

गंमत अशी की, जपानमध्ये हे आम्ल एका लाल शेवाळातून १९५८ मध्येच मिळाले होते. त्या शेवाळाचा उपयोग तिथे पोटातल्या जंतांवर करीत! औषध म्हणून माहीत असलेला पदार्थच गुन्हेगार निघेल, हे प्रथम कोणाला पटेना. मेंदूतले पेशींना चेतवणारे ग्लुटामेट हे द्रव्य आणि हे आम्ल यांची ठेवण सारखी. त्यामुळे पेशी प्रमाणाबाहेर चेतवल्या जातात आणि मरतात. स्मृतीचे केंद्र त्यात आधी सापडते.

खाडीत त्या वेळी डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींच्या एका जातीचे अमाप पीक आले होते. विष तिचे, शिंपला फक्त पाणी गाळून खाणारा. त्याला काहीच होत नाही, आणि आपण कितीही उकळले तरी हे विष जात नाही.

त्यानंतर कॅनडाने मर्यादा घातली: किलोभर मांसात २० मिलिग्रॅम. तेवढे आढळले की खाडीतली काढणी बंद. मग शिंपले पाण्यातच राहू द्यायचे. डायटमचा बहर ओसरला की ते आपले आपण स्वच्छ होतात.