सरकत्या रॅकचं गोदाम आखताना

उणे १८ अंशांची खोली महाग असते. भिंतींना जाड पफ पॅनेल, जमिनीखाली इन्सुलेशन, चोवीस तास चालणारे कॉम्प्रेसर. साध्या रॅकच्या मांडणीत एवढ्या खर्चाने गार केलेल्या जागेचा निम्मा भाग फोर्कलिफ्टच्या गल्ल्यांतच जातो. सरकते रॅक शीतगृहांत रुजले ते या हिशेबामुळे. बँकेच्या दप्तरखान्यात हँडल फिरवून सरकवायची कॉम्पॅक्टरची कपाटं असतात. त्याच तत्त्वावर इथे माल भरलेले रॅक मोटरच्या जोरावर जमिनीत बसवलेल्या रुळांवरून सरकतात. गल्ली एकच, हवी तिथे उघडायची.

३० मीटर रुंदीची खोली धरू. रीच ट्रक प्रकारच्या फोर्कलिफ्टला गल्ली ३ मीटरची, पाठीला पाठ लावलेला दुहेरी रॅक अडीच मीटरचा. साध्या मांडणीत पाच गल्ल्या आणि पॅलेटच्या १० रांगा बसतात. सरकत्या मांडणीत दोन्ही भिंतींना एकेक स्थिर रांग, मध्ये नऊ दुहेरी रॅक आणि एक गल्ली. रांगा होतात २०, म्हणजे माल दुप्पट. हा आकडा पाहून लगेच होकार देण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते आखणी बिघडते ती तिथेच.

कारण एक गल्ली म्हणजे एका वेळी एकाच ट्रकचं काम. गल्ली बदलायची तर चालक आत कुणी राहिलं नाही हे पाहून बटण दाबतो. भोंगा वाजतो, दिवा लुकलुकतो. रॅकखालच्या चाकांच्या बेसच्या कडेने जाणारे सेन्सरचे किरण मोकळे असतील तरच रॅक एकामागून एक निघतात, तेही अगदी हळू. दहा खणांचा, पाच मजल्यांचा, दोन्ही बाजूंनी भरलेला एक रॅक, खणात दर मजल्यावर दोन पॅलेट, म्हणजे २०० पॅलेट. टनाचं एक धरलं तर २०० टन माल. झटका बसला तर वरचा माल डोलणार. गल्ली पुरती उघडायला मिनिटभर, कधी जास्तच लागतं.

म्हणून नकाशाआधी डिस्पॅचची नोंदवही उघडावी. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून गोठवलेली मासळी न्हावा शेवा बंदरातून परदेशी जाते. एका कंटेनरमध्ये २५ टनांच्या आसपास एकाच लॉटचा माल जात असेल, तर गल्ली एकदा उघडली की कंटेनर भरेपर्यंत तिला हात लावावा लागत नाही. अशा कामासाठी सरकते रॅक उत्तम. त्याच खोलीतून शहरातल्या दुकानांना मटार, आइस्क्रीम, पराठे असा दहा प्रकारचा माल थोडा थोडा काढायचा असेल, तर दिवसभर रॅकच सरकत राहतील आणि ट्रक खोळंबतील. मग रोजचा चालता माल दाराजवळच्या स्थिर रॅकवर ठेवावा किंवा खोलीचे दोन स्वतंत्र ब्लॉक करून प्रत्येकाला आपली गल्ली द्यावी. काही रांगा कमी होतील, त्या होऊ द्याव्यात.

इमारतीच्या खांबांचा विचार तर पायाभरणीआधीच हवा. स्थिर रॅकमध्ये खांब दोन पाठींच्या फटीत लपवता येतो. सरकत्या रॅकच्या वाटेत खांब चालतच नाही. तो भिंतीकडच्या स्थिर रांगेत किंवा रॅकच्या टोकांपलीकडे यायला हवा.

सर्वांत जास्त जीव लावायचा तो जमिनीवर. चाकांचा सारा भार रुळांच्या अरुंद पट्ट्यांवर येतो. त्यामुळे रूळ आधी नीट लेव्हलला लावून पक्के करायचे आणि मग वरचं काँक्रीट ओतायचं. रुळांचा माथा फरशीच्या पातळीत हवा, कारण फोर्कलिफ्ट त्यावरूनच जाते. खाली माती गोठून फुगली तर फरशी उचलली जाते आणि रूळ वाकडे होतात. ते टाळायला इन्सुलेशनच्या खाली हीटरच्या तारा किंवा हवा खेळवणारे पाइप घालतात. शिवाय दारातून येणारी दमट हवा रुळांच्या खाचेत बर्फ धरते, म्हणून थंड ठेवलेली लोडिंगची पुढची खोली वगळून चालत नाही.

काम संपल्यावर सगळे रॅक सारख्या अंतरावर उभे करायची सोय नियंत्रणात मागून घ्यावी. आपल्या खोलीत ३ मीटरची गल्ली दहा फटींत वाटली जाईल, प्रत्येकी ३० सेंटिमीटर. तेवढ्यातून गार हवा रात्रभर मालापर्यंत पोचते. आणि पुढे क्षमता वाढवायची असेल तर रूळ आजच खोलीभर टाकावेत. बेस आणि रॅक नंतर आणता येतात. रुळांसाठी चालू शीतगृहाची फरशी फोडायची म्हणजे आधी सगळा माल दुसरीकडे हलवून खोली गरम करावी लागते.