पित्त झालंय की खडा अडकलाय?

हॉस्टेलवर मध्यरात्री कुणाचं पोट दुखायला लागलं, की निदान ठरलेलं असतं, ‘पित्त झालंय!’ मराठीत हा शब्द फारच कामाचा आहे. छातीत जळजळलं तर पित्त, डोकं ठणकलं तर पित्त, अंगावर गांध्या उठल्या तरी पित्तच. पण खरं पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. तो अडला, तर कोकम सरबत पिऊन सुटत नाही.

आधी त्याचा रस्ता बघा. यकृतात बनलेलं पित्त पित्ताशयात साठतं. तुम्ही मिसळ किंवा बटर पावभाजी हाणली, की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त नलिकेतून लहान आतड्यात उतरतं. नलिका जिथं आतड्यात उघडते, तिथंच स्वादुपिंडाची नळीही येऊन मिळते. म्हणजे खडा तिथं अडकला, तर काविळीसोबत स्वादुपिंडालाही सूज येऊ शकते.

‘खडे वगैरे आई-बाबांच्या वयात होतात,’ असं म्हणू नका. क्रॅश डाएट करून झटपट वजन उतरवणाऱ्यांना खड्यांचा धोका वाढतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल असलेले अनेक जण आहेत. या आजारात लाल पेशी लवकर फुटतात, त्यामुळे कमी वयातही पित्ताचे खडे होतात. आणि हो, हा मुतखडा नाही बरं का! पानफुटीची पानं खाल्ली, कुळथाचं पाणी प्यायलं, तरी पित्ताशयातला खडा लघवीवाटे पडत नाही, कारण तो रस्ताच वेगळा आहे.

सोनोग्राफी कुठं थांबते?

पित्ताशयातला खडा शोधायला साधी सोनोग्राफी उत्तम. स्वस्त, झटपट आणि बहुतेक वेळा अचूक. खडे दिसले पण त्रास काहीच नाही, तर बहुतेकांना ऑपरेशनही लागत नाही.

गडबड होते ती खडा नलिकेत सरकल्यावर. नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसच्या आड लपतं आणि सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी गॅसमधून नीट जात नाहीत. त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तरी खडा आत बसलेला असू शकतो.

पूर्वी अशा वेळी ईआरसीपी करायचे. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेऊन, नलिकेत औषध सोडून एक्स-रे काढायचा. ही पद्धत १९६८ पासूनची. तिने खडा काढताही येतो, पण नंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. नुसतं ‘खडा आहे का’ एवढं बघायला हा धोका का घ्यायचा?

१९९० च्या दशकात याचं उत्तर मिळालं, एमआरसीपी. एमआरआयच्याच मशीनमध्ये होणारी, फक्त पित्त आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारी तपासणी. यात रेडिएशन नाही, दुर्बीण नाही आणि सहसा इंजेक्शनही नाही.

गंमत बघा. चुंबकाच्या प्रभावाखाली शरीरातल्या हायड्रोजनकडून सिग्नल येतो. मांसपेशींचा सिग्नल पटकन विरतो, साचलेल्या द्रवाचा मात्र बराच वेळ टिकतो. सर वर्गात आल्यावर सगळे गप्प होतात आणि शेवटच्या बाकावरचा एकच बोलत राहतो, तसं. मशीन तेवढा वेळ थांबून मग सिग्नल टिपतं. त्यामुळे पित्त पांढरंशुभ्र चमकतं, बाकी सगळं काळवंडतं आणि पांढऱ्या नळीत खडा काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. पोटातलं पाणी मध्ये येऊ नये म्हणून काही तास उपाशी ठेवतात. काही ठिकाणी चक्क अननसाचा रस देतात, कारण त्यातल्या मँगनीजमुळे जठरातला द्रव काळा दिसतो.

अर्थात, एमआरसीपी जादू नाही. अगदी बारीक खडे तिच्यातूनही सुटू शकतात. तेव्हा एंडोस्कोपिक सोनोग्राफी मदतीला येते. शिवाय ती फक्त दाखवते, खडा काढत नाही. ते काम अजूनही ईआरसीपीचंच. आणि प्रत्येक पोटदुखीला एमआरसीपी लागत नाही. रक्तातलं बिलिरुबिन वाढलंय, सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसतेय, पण खात्री होत नाही, अशा वेळी तिचा खरा उपयोग.

पिवळे डोळे, थंडी, ताप

आपल्याकडे डोळे पिवळे दिसले, की कुणीतरी ‘काविळीचं औषध’ मिळणाऱ्या गावाचा पत्ता देतं. दूषित पाण्यातून होणारी काविळ बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय झाडपाल्याला मिळतं. पण काविळ खड्यामुळे झाली असेल, तर हीच वाट पाहणं जिवावर बेतू शकतं. अडलेल्या पित्तात जंतू वाढतात आणि संसर्ग रक्तात पसरतो.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखतं, कळ पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, असं पुन्हा पुन्हा होत असेल, तर सोनोग्राफी करून घ्या. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौचाचा रंग मातकट झाला, तर डॉक्टरांना थेट विचारा, ‘काविळ कशामुळे? कुठं काही अडलंय का?’ सोबत हुडहुडी भरून ताप आला, तर सकाळची वाट बघू नका. रूममेटला उठवा आणि त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.