दाराजवळची जागा

मुरूड असो की श्रीवर्धन, रमजानात तरावीहला काही वयस्कर मंडळी शेवटच्या रांगेत, दाराजवळची जागा धरतात. तरावीह म्हणजे रात्रीच्या नमाजनंतरची जादा नमाज, बहुधा 20 रकातींची. मध्येच लघवीला उठावे लागते, म्हणून दार जवळ हवे. काहीजण मशिदीत येणेच सोडतात आणि गुडघ्यांचे कारण सांगतात. देवळातल्या भजनात उंबऱ्याशी बसणाऱ्या आजोबांचेही दुखणे बहुधा हेच.

वयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. धार बारीक होते, रात्री चार-चारदा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे; पण तपासून खात्री करावी लागते. रमजानात दिवसभराचे पाणी आणि चहा रात्रीच पोटात जातो, त्यामुळे त्रास जास्त जाणवतो.

औषधे मुख्यतः दोन तऱ्हेची. टॅम्सुलोसिनसारखी गोळी तिथले स्नायू सैल करते. काही दिवसांत फरक कळतो. ती रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर रक्तदाब उतरून चक्कर येण्याची शक्यता वाढते, आणि सजद्यातून झटकन उठताना तोल जातो. म्हणून रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवावी. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथीच लहान करते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. महिन्याभरात 'गुण नाही' म्हणून ती सोडणारे बरेच. तेवढ्यात गुण यायचाच नसतो. तिने रक्तातला पीएसएचा आकडा जवळपास निम्मा होतो, हे तपासणाऱ्याला सांगायलाच हवे. मोतीबिंदूचे ऑपरेशन असेल तर टॅम्सुलोसिनचे नाव डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे, गोळी बंद केलेली असली तरी.

पाकीची धास्ती मात्र गोळीने जात नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मताचे. ज्याची लघवी सतत ठिबकते, त्याने कपडा बांधावा, फर्ज नमाजची वेळ झाल्यावर नवा वुजू करावा आणि नमाज पढावी. मग ठिबकले तरी ती होते, अशी सवलत त्या मतात आहे. शरमेने कुणी मौलानांना विचारतच नाही, इतकेच.

सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अजिबात तुंबते. तसे झाले तर इफ्तारची वाट न पाहता दवाखाना गाठावा. आजाऱ्याचा सुटलेला रोजा पुढे कजा म्हणून ठेवता येतो.