बाजरीतली वाळकं

भाद्रपदात नगरच्या बाजारात वाळकांचे ढीग लागतात, पण वाळकाचं शेत कुठं असतं म्हणून विचारलं तर विकणाऱ्या बाया हसतात. वाळकाला वेगळं रान नसतं. ते बाजरीत असतं. ते बघायला म्हणून पारनेरच्या पठारावर एका शेतात गेले आणि बाजरी सोडून तिथल्या आजींच्या हातांकडेच बघत राहिले.

खुरपणी चालू होती. हराळी गेली, गाजरगवत गेलं. त्याला खेटून उगवलेलं अंबाडीचं रोप जागेवर. तांदूळजा आणि चिगळ उपटली, पण ती ओट्यात गेली, संध्याकाळच्या भाजीला. कोवळी मटकी कुठली आणि तण कुठलं, मला काही कळेना.

"अठरा वस्तू निघायच्या ह्या रानात," आजी म्हणाल्या.

पेरणी सरळ आहे. पाभरीवर बाजरी, ठरावीक तासांनंतर तुरीचं एक तास, बाजरीच्या बियांतच चिमूटभर वाळूक आणि चवळी, कडेनं अंबाडी. राहुरीचं कृषी विद्यापीठही दोन ओळी बाजरी आणि एक ओळ तूर लावायला सांगतं. शिफारशीत पिकं दोन; आजींच्या बोलण्यात अठरा.

हा मुलूख पर्जन्यछायेतला. बाजरी तीन महिन्यांत निघते. तोवर तूर तिच्या सावलीत दबून असते. बाजरी कापली की फांद्या पसरते आणि खोल गेलेल्या सोटमुळावर, बाजरीच्या मुळांना न पोचलेल्या ओलीवर, हिवाळा काढते. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. वाळकाचे वेल जमीन झाकतात, त्यामुळे ओल टिकते. ऐन निसवण्याच्या वेळी पावसानं ओढ दिली तर बाजरी मार खाते, पण मागून तूर हाती लागायची आशा उरते. शिवाय बाजरीचे पैसे घरात जातात, वाळकांचे आजींच्या बटव्यात. सातबाऱ्यावर बाजरी आणि तूर लागलीय. बटव्यातल्या पिकाचा तिथं पत्ता नाही.

मी मोजलं. बाजरी, तूर, मटकी, हुलगा, चवळी, तीळ, अंबाडी, वाळूक, शेंदाड, दोडका. दहा. ओट्यातल्या दोन भाज्या धरून बारा.

"बांधावरचा भोपळा कुणी मोजायचा?"

तेरा.

भाद्रपदात पुन्हा गेले ती शेंदाडासाठी. बाजरी डोक्याच्या वर गेली होती, कणसं भरत होती. अशा रानात फळ दिसत नाही, वासावर जावं लागतं. पिकलं की शेंदाड आपोआप तडकतं आणि गोडसर, जरासा आंबूस असा वास दोन-चार तासांपलीकडूनही येतो. आजी पुढं, मी मागं. "कोल्ह्याच्या आधी पोचायचं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी एका ठिकाणी कोल्हा आधी पोचला होता. तो वास माझ्या ओढणीला घरी येईपर्यंत होता.

शेजारच्या रानात बाजरीखेरीज एक पान नव्हतं. पेरणीनंतर लगेच ॲट्राझीन फवारलं होतं. ते बाजरीला सोसतं. तूर, मटकी, वाळूक, अंबाडी यांना सोसत नाही. आजींच्या मुलाला पुढच्या साली तेच करायचंय. त्याचं म्हणणं खोटं नाही: खुरपायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही आणि आईचे गुडघे गेलेत. "अठरा मोजायला माणूस कुठून आणू?" तो म्हणाला. मिश्र पिकाचे गोडवे गाणाऱ्यांनी, त्यात मीही आले, या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं. खुरपं धरणारा हात कुणाचा, हे आमच्या लेखांत सहसा येत नाही. तरीही ते चकचकीत मोकळं रान मला भकास वाटलं, हेही खरंच.

तडजोड निघाली ती अशी: विहिरीकडच्या चार तासांवर फवारायचं नाही. आजींना आठ हवी होती. मी निघाले तेव्हा मुलगा सहावर आला होता आणि आजी अजून आठवरच होत्या.