दधीचींच्या अस्थी आणि परमवीरचक्र

जांभळ्या फितीला अडकविलेले एक कांस्य पदक. व्यास दीड इंचाहूनही कमी. मध्यभागी राजमुद्रा, सभोवती इंद्राची चार वज्रे. हे परमवीरचक्र! त्याचे रेखाटन केले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने युरोपीय असलेल्या या विदुषी विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून भारतीय झाल्या. वज्रासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीचींची कथा त्यांच्या मनात घर करून होती.

हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा. हात प्लास्टरमध्ये असतानाही ते आपल्या तुकडीबरोबर गेले आणि ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडले. ते सावित्रीबाईंच्याच कन्येचे दीर!

दुसरे स्मरण आपल्या कारवारच्या भूमीचे. तेथील सुपुत्र रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये, जखमी होऊनही, नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट मोकळी करून दिली.

आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना हा सन्मान मरणोत्तर लाभला. म्हणजे चौदा घरांत पदक आले, पदकाचा धनी आला नाही. प्रजासत्ताकदिनी ध्वजवंदन आटोपले की आपण मिठाई वाटतो. त्याआधी घटकाभर मुलांना जवळ बसवून ही कथा सांगावी. दधीची पुराणातच राहिले नाहीत, हे त्यांना कळले पाहिजे.