अडीच सेकंदांची वाडी

आशागडला गेले ती एका चिडीपोटी. घरी बसून मोबाइलवर डहाणूचे चिकू चिप्स शोधले, तर पहिल्या पानावर मोठमोठी ऑनलाइन दुकानं, दोन पाककृती आणि चिकूचे फायदे सांगणारे तेच ते लेख. डहाणूचा वाडीवाला एकही नाही. २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू'ला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ साली इथला चिकू ब्रिटनला रवाना झाला, आणि तो पिकवणारा माणूस गुगलच्या लेखी जणू जन्मालाच आलेला नाही. पुढे ओळखीतून कळलं, की आशागडमधल्या एका वाडीची वेबसाइट दुरुस्त करायला एक मुलगी येते. म्हटलं, बघू तरी काय दुरुस्त करते.

डहाणू रोड स्टेशनवरून चारोटीच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात आशागड. वाडीच्या शेडमध्ये पाय टाकला की आधी वास येतो. एका कोपऱ्यात चिकू धुण्याचा ड्रम गडगडत असतो, फळावरची तपकिरी भुकटी त्यात निघून जाते. दुसरीकडे जाळ्यांवर फोडी सुकत असतात. ओली माती, गूळ आणि कच्च्या फळाचा चीक, असा सगळा मिळून तो वास. परतल्यावर दोन दिवस ओढणीतून गेला नाही. त्या वासातच प्लॅस्टिकच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ती मुलगी बसली होती. वाडीमालकांना ती 'काका' म्हणते, ते तिला 'बेटा'.

पहिल्या दिवसाची गोष्ट तिनंच सांगितली. आधीच्या एजन्सीनं साइट बांधून दिली होती, 'गुगलवर वर आणण्याचे' पैसे दरमहा घेत होती आणि रंगीत अहवाल पाठवत होती. हिनं आल्या आल्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधलं 'रीडिंग' हे पान उघडलं. तिथं एक चौकोन असतो. सर्च इंजिनांनी ही साइट यादीत घेऊ नये, अशी विनंती करणारा. साइटचं बांधकाम चालू असताना त्यावर टिक करून ठेवतात, काम संपलं की काढतात. इथं ती टिक कुणी काढलीच नव्हती. काका पैसे भरत होते आणि त्यांचीच साइट गुगलला दारातून परत पाठवत होती.

ती हे हसत सांगते. काका हसत नाहीत.

टिक काढली म्हणून सगळं सुरळीत होतं असंही नाही. गुगलचं सर्च कन्सोल नावाचं फुकट साधन आहे. गुगलला साइटची किती पानं माहीत आहेत, कोणती यादीत घेतली, कोणती बाजूला ठेवली, हे त्यात दिसतं; लोक काय टाइप करून आले, याचा तर सोळा महिन्यांचा हिशेब मिळतो. काकांच्या साइटवर बाजूला ठेवलेल्या पानांची रांगच होती. उघडून बघितलं तर मुंबईत चिकू, ठाण्यात चिकू, वसईत चिकू. मजकूर शब्दशः तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. अशी पानं गुगलच्या नियमांत सरळ स्पॅममध्ये मोडतात. तिनं ती सगळी मिळून एक पान केलं आणि जुन्या पत्त्यांवर येणाऱ्यांना कायमचं तिकडे वळवलं. तुटलेल्या लिंका, पानांची शीर्षकं, साइटमॅप ही कामं तिनं चहा येईपर्यंत उरकली.

मग फोटो. साइटच्या पहिल्याच पानावर वाडीचा देखणा फोटो होता, काकांच्या भाच्यानं नव्या फोनवर काढलेला, सात एमबीचा. "अडीच सेकंद," ती म्हणाली. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे बहुतेक वेळा फोटोच, अडीच सेकंदांच्या आत दिसली पाहिजे, असं गुगलचं माप आहे. तेही एखाद्या नशीबवानाला दिसून भागत नाही, शंभरातल्या पंच्याहत्तर भेटींत ते साधायला हवं. तिनं स्वतःच्या फोनवर साइट उघडली. नेटवर्क एका काडीवर. आम्ही तिघं पांढऱ्या पडद्याकडे बघत उभे राहिलो. ड्रम चालूच होता. "अडीच सेकंद," ती पुन्हा म्हणाली, तोवर कितीतरी होऊन गेले होते. तिनं फोटोची लांबी-रुंदी कमी केली, वेबपी प्रकारात साठवला, दोनशे केबीच्या आत आणला. काकांनी चष्मा लावून दोन्ही फोटो शेजारी शेजारी बघितले. "काही फरक नाही," म्हणाले, आणि बराच वेळ तेच बघत बसले.

एजन्सीचे जुने अहवाल मी मागून घेतले आणि चाळले. त्यात 'डोमेन ऑथॉरिटी' वाढल्याचा गजर पानोपानी. हा आकडा मॉझ नावाच्या एका खासगी कंपनीचा आहे, गुगल तो वापरत नाही. पानांच्या पोटात कीवर्डची लांबलचक माळ दडवलेली. तिच्याकडे आपण बघत नाही, असं गुगलनं २००९ सालीच जाहीर केलं आहे. हे सगळं काकांना कळावं तरी कसं? त्यांना बी पोखरणारी अळी कळते.

मला पुनःपुन्हा आठवतं ते मात्र लॅपटॉपवरचं नाही. चिकू निवडणाऱ्या बायकांमध्ये एक मावशी होत्या. मुलीनं त्यांना विचारलं, "मावशी, झाडावरचा चिकू तयार झाला हे कसं ओळखता?" मावशींनी एक फळ उचललं, अंगठ्याचं नख सालीवर हलकं ओढलं. नखाखाली हिरवी रेघ उमटली. "हा कच्चा." दुसरं फळ घेतलं, रेघ पिवळसर. "हा चालतो." पुढच्या फळाला हात घातलादेखील. मुलीनं ते दोन्ही चिकू तसेच धरायला लावून मोबाइलवर फोटो काढले आणि तिथंच लिहायला बसली. लोक कन्सोलमध्ये हेच विचारताना दिसत होते: चिकू पिकला कसा ओळखावा, घरी किती दिवसांत पिकतो, फ्रिजमध्ये ठेवावा का. उत्तर शेडमध्ये रोज दिलं जात होतं, साइटवर त्याचा पत्ता नव्हता. माझ्या मते एवढंच या धंद्यातलं खरं काम आहे, बाकीची झाडलोट. झाडलोटीचे पैसे घ्यावेत, पण तिला विद्या म्हणू नये. आणि त्या पानावर मावशींचा अंगठा आहे, नाव नाही, हे मला खटकलं. मी तसं बोलले. "विचारते त्यांना," मुलगी म्हणाली.

फरक पडला का? तिनं आलेख दाखवला. निकालांत दिसण्याची रेघ चांगलीच चढलेली, क्लिकची जेमतेम. २०२४ पासून भारतातही गुगल बऱ्याच प्रश्नांचं आयतं उत्तर एआयनं तयार करून वरच देतं. नखाची युक्ती तिथंच वाचून माणूस निघून गेला, तर वाडीला काय मिळालं? यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि असल्याचा आवही तिनं आणला नाही. काकांच्या बहुतेक ऑर्डरी आजही व्हॉट्सॲपवर येतात, जुन्या गिऱ्हाइकांच्या.

तेव्हा वाडीवाले, घरगुती मसालेवाले, वारली चित्रं विकणारे, ज्यांनी कुणी साइट काढली आहे त्यांना एक सांगणं. महिन्याभरात पहिला नंबर देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनंच लिहून ठेवलं आहे. सर्च कन्सोलचं खातं स्वतःच्या ईमेलवर, मालक म्हणून उघडा. आणि साइट वर्डप्रेसवर असेल, तर आज रात्री झोपण्याआधी तो 'रीडिंग'मधला चौकोन एकदा बघून घ्या.