‘समुपदेशन’ : प्रवेशप्रक्रियेतील एका शब्दाचे तीन व्यवहार

अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशांच्या संदर्भात ‘समुपदेशन’ अथवा ‘काउन्सेलिंग’ हा शब्द भारतात आज तीन निरनिराळ्या व्यवहारांसाठी वापरला जातो. परीक्षेच्या ताणाने खचलेल्या विद्यार्थ्याला मानसिक आधार देणे, हा पहिला. गुणानुक्रमाने जागावाटप करणे, हा दुसरा. पसंतिक्रम कसा भरावा याचा सल्ला शुल्क आकारून देणे, हा तिसरा; आणि पहिल्या दोहोंतील संदिग्धतेवरच तो पोसला गेला आहे.

जागावाटपाला हे नाव पडले ते जुन्या पद्धतीमुळे. उमेदवाराला गुणक्रमांकानुसार प्रत्यक्ष बोलावले जाई, समोर अध्यापक बसलेले असत आणि निवडीपूर्वी दोन शब्द विचारण्याची सोय असे. प्रक्रिया संगणकावर गेली, समोरचा माणूस उठला, नाव मात्र राहिले. वैद्यकीय जागांचे वाटप करणारी केंद्रीय समिती आजही ‘मेडिकल काउन्सेलिंग कमिटी’ म्हणूनच ओळखली जाते. त्या रिकाम्या खुर्चीवर खासगी सल्लागार येऊन बसला.

तो विकतो ती बहुधा ‘युक्ती’. वस्तुतः आयआयटी व एनआयटी यांच्या जागा 2015 पासून ‘जोसा’मार्फत एकत्रित वाटल्या जातात, त्या पद्धतीत युक्तीला फारसा वावच नाही. वरच्या पसंतीची जागा हुकली म्हणून खालच्या पसंतीवरील हक्क उणावत नाही. तेथेही गुणक्रमांकच पाहिला जातो. मनातला खरा क्रम लिहावा आणि यादी पुरेशी लांब ठेवावी, एवढेच पुरते. ‘मोठे नाव वर घातले तर हातची जागा जाईल’ ही पालकांची भीती निराधार आहे, पण बाजारात सर्वाधिक खपते तीच. महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाल्यास ती स्वीकारणे बंधनकारक असते. तेथे पहिले नाव विचारपूर्वक लिहावे लागते खरे, परंतु हा नियम माहितीपुस्तिकेतच असतो. राज्योराज्यीचे अधिवासाचे नियम, वैद्यकीय शिक्षणानंतरच्या सेवेची बंधपत्रे, अखिल भारतीय 15 टक्के आणि राज्याचा 85 टक्के कोटा, या गुंतागुंतीत मात्र जाणकाराची मदत खरोखर मोलाची ठरते.

भीती खपते याचे कारण संख्येत आहे. 2024 च्या ‘नीट’ परीक्षेस 23 लाखांहून अधिक उमेदवार बसले. एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. कोट्यात ऑगस्ट 2023 मध्ये वसतिगृहांतील पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश जिल्हा प्रशासनास काढावा लागला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमण्यास सांगितले. शिकवणी वर्गही या निर्देशांच्या कक्षेत येतात.

परंतु निकाल लागल्यापासून शेवटची फेरी संपेपर्यंतच्या आठवड्यांत शाळा सुटलेली असते, वर्ग संपलेला असतो आणि महाविद्यालय मिळालेले नसते. त्या काळात मुलगा कोणत्याच संस्थेच्या पटावर नसतो. घरी असतो तो पसंतिक्रमाचा अर्ज, आणि सल्लागाराचा दूरध्वनी क्रमांक.